पेशीतली बोहारीण

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, आता जरा पाठ टेकावी असं घरातल्या बायकांच्या मनात येतंय, नेमकी तेव्हाच खालून बोहारणीची हाळी यायची. डोक्यावर भांड्यांची टोपली, काखेला गाठोडं. ती जिन्यात बसकण मारायची आणि मग घरातल्या जुनेराची परीक्षा सुरू व्हायची. शाळेत कुठल्याही परीक्षकाने इतक्या बारकाईने पेपर तपासला नसेल. ती साडी उजेडासमोर धरायची, विजारीचा गुडघा बोटांनी चाचपायची, शर्टाची कॉलर उलटी करून बघायची. विरलेलं, उसवलेलं, कसर लागलेलं तिला एका नजरेत दिसायचं.

"यात पातेलं नाही बसत, वहिनी. एक पँट टाका अजून."

"ती अजून घालतात ते," आई म्हणायची.

"घालत असतील. तुम्ही घालू देऊ नका."

शेवटी पँट जायची, पातेलं यायचं आणि संध्याकाळी वडील पँट शोधत बसायचे. नको असलेलं घराबाहेर, हवं असलेलं घरात, आणि मध्ये एक पैसाही नाही, असा हा व्यवहार. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला कुठलं प्रकरण दिलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक बोहारीण ठाण मांडून बसलेली आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत असं लक्षात आलंय की घरात शिरलेला चोर पकडण्यातही तिचा हात असतो. पुढचं सगळं तिच्याविषयी.

पेशीतली बोहारीण काम करते ते असं. पेशीच्या आत एक पातळ दुपदरी पडदा तयार होतो. तो वाकत वाकत एखाद्या निकामी वस्तूभोवती फिरतो, दोन्ही टोकं जुळतात आणि गाठोडं बांधलं जातं. आत काय असेल ते सांगता येत नाही: बिघडलेली प्रथिनं, खराब झालेली एखादी मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी भट्टी, किंवा नुसताच इकडचा तिकडचा पसारा. हे गाठोडं मग लायसोसोम नावाच्या आम्लाने भरलेल्या पिशवीला जाऊन मिळतं. तिथे सगळ्याचे सुटे सुटे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून पेशी नवी भांडीकुंडी घडवते. या साऱ्या उद्योगाला ऑटोफॅजी म्हणतात.

व्यवहार किती मोठा आहे, ते हिशेबावरून कळेल. आपण दिवसाकाठी सत्तरेक ग्रॅम प्रथिनं खातो. शरीर मात्र रोज दोनशे ते तीनशे ग्रॅम नवी प्रथिनं बनवतं. मधली तूट जुनी प्रथिनं मोडून भरून निघते. म्हणजे ताटातल्या वरणापेक्षा आतल्या जुनेरावरच आपला संसार जास्त चाललेला असतो. वरण वाढणाऱ्याला हे सांगू नये, एवढंच.

लायसोसोमचा शोध बेल्जियममधल्या लूव्हेनच्या क्रिस्तियां द दूव्ह यांनी लावला, तोही लायसोसोम शोधत नसताना. इन्शुलिनचा यकृतावर काय परिणाम होतो हे त्यांना बघायचं होतं. त्या कामात एका विकराची मोजणी अपेक्षेपेक्षा फारच कमी येऊ लागली. नमुना काही दिवस फ्रिजमध्ये राहिला आणि पुन्हा मोजला, तर आकडा वाढलेला! फ्रिजमध्ये ठेवलेली वस्तू दोन दिवसांत वाढलेली आपल्या घरात कधी कुणी पाहिलेली नाही. कमी झालेलीच पाहिली आहे. द दूव्ह यांनी त्यावरून ताडलं की हे विकर एखाद्या पिशवीत कोंडलेलं असणार आणि पिशवी जुनी होऊन फुटल्यावर ते बाहेर येत असणार. १९५५ साली त्या पिशवीला नाव मिळालं, १९६३ साली ऑटोफॅजीलाही त्यांनीच नाव दिलं, आणि १९७४ साली नोबेल आलं.

त्यानंतर या विषयाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. कचऱ्याच्या खोलीत कशाला डोकवा, अशी आपल्यासारखीच शास्त्रज्ञांचीही वृत्ती असावी. योशिनोरी ओसुमी मात्र तिथेच जाऊन बसले. १९८८ साली वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तोक्यो विद्यापीठात त्यांना स्वतःची छोटीशी प्रयोगशाळा मिळाली. गर्दी जिथे नाही ते काम करावं अशी त्यांची प्रकृती, आणि यीस्टच्या पेशीतल्या रिक्तिकेकडे, म्हणजे त्या पेशीच्या उकिरड्याकडे, तेव्हा कुणाची गर्दी नव्हती. पंचाईत एवढीच होती की उकिरड्यावर आलेल्या गाठोड्याचा इतक्या झपाट्याने फडशा पडायचा की ते दिसायचंच नाही. ओसुमींनी गाठोडी मोडणारी विकरंच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिकेत बारीक बारीक गोळे साचून थुईथुई नाचू लागले. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत होते. १९९२ साली त्यांनी हे छापलं, १९९३ साली या कामाला लागणारी पंधरा जनुकं हुडकून काढली, आणि पुढे कळलं की थोड्याफार फरकाने तीच जनुकं माणसातही आहेत. २०१६चं वैद्यकाचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

आता एकादशीचा विषय काढायला हवा. कारण ओसुमींना नोबेल मिळाल्यावर आपल्याकडे घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप येऊन पडला: जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केलं की आपल्या पूर्वजांची एकादशी बरोबरच होती. खाली जोडलेले हात. गटातल्या काकांनी तो पाठवला, मावशींनी अंगठा दाखवला, आणि स्वयंपाकघरात कुकरमध्ये बटाटे चढले.

ओसुमींनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला, आणि त्या यीस्टला साबुदाण्याची खिचडी कुणी दिली नव्हती. पेशीत एमटॉर नावाचं एक प्रथिन असतं. घरात अन्न भरपूर आहे याची चाहूल लागली की ते बोहारणीला दारातूनच परत पाठवतं. अन्न आटलं की ते गप्प होतं आणि ती कामाला लागते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. खिचडी, वर बटाट्याची भाजी, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि रात्री रताळ्याचा कीस एवढं पोटात गेल्यावर एमटॉर दिवसभर दारातून हलणार नाही. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण ज्या कुणी केली त्याला जीवरसायनशास्त्र येत नसेल, निरीक्षण मात्र पक्कं होतं. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे दीक्षित आणि दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या दिवेकर यांच्यामध्ये निम्मा महाराष्ट्र एकेकाळी विभागला गेला होता. त्या वादात पडण्याची माझी छाती नाही. मी दोन्ही सांभाळतो: दर दोन तासांनी थोडं खातो आणि दोनदा जेवतो.

एमटॉरला गप्प करणारं एक औषधही आहे, रॅपामायसिन. ते सापडलं ते ईस्टर बेटाच्या मातीत. १९६४ साली कॅनडाची एक मोहीम तिकडे गेली आणि येताना माती घेऊन आली. त्या मातीतला एक जिवाणू हे द्रव्य बनवतो, हे मॉन्ट्रियलमध्ये सुरेन सेहगल यांच्या चमूने शोधलं. सेहगल मूळचे पंजाबातले. पुढे कंपनीने तिथली प्रयोगशाळा बंद केली आणि काम गुंडाळलं. सेहगलांना ते टाकून देववेना. त्यांनी जिवाणूचा साठा घरी नेला आणि आइस्क्रीमच्या डब्यात घालून, वर 'खाऊ नका' असं लिहून, फ्रीझरमध्ये ठेवून दिला. आपल्याकडेही आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं. फार तर मटार असतात. सेहगलांच्या डब्यातून मात्र मूत्रपिंडरोपणानंतर लागणारं औषध निघालं, आणि एमटॉरच्या नावातलं 'आर' हे अक्षर रॅपामायसिनचं आहे. टाकून द्यायचं काय आणि जपून ठेवायचं काय, हा प्रश्न पेशीच्या आत जितका अवघड आहे तितकाच बाहेरही आहे.

इथवर गोष्ट आवराआवरीची झाली. आता चोराची.

जिवाणू शरीरात शिरले की त्यांना गिळणाऱ्या पेशी असतात, हे इल्या मेच्निकॉव्ह यांनी १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी पाहिलं. त्यांनी स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर काट्याभोवती पेशींची गर्दी! त्याबद्दल १९०८ साली त्यांना अर्धं नोबेल मिळालं. पण गिळलं म्हणजे पचलं असं नाही, हे लग्नाच्या पंगतीत बसलेल्या कुणालाही सांगायला नको. काही जिवाणू गिळले जातात, ज्या पिशवीत कोंडले जातात ती पिशवी फाडतात आणि पेशीच्या आतल्या मोकळ्या जागेत येतात. तिथे अन्न आहे, ऊब आहे, आणि रक्तातल्या प्रतिपिंडांना आत यायची परवानगी नाही. चोराला याहून चांगली जागा कोणती?

तिथे त्याला गाठते ती बोहारीण. २००४ साली जपानमधल्या संशोधकांनी घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसवर प्रयोग केला. दुखऱ्या घशाकडे दुर्लक्ष केलं तर हाच पुढे संधिवाताचा ताप आणतो आणि हृदयाच्या झडपांना धरतो. पेशीत शिरलेल्या या जिवाणूंभोवती गाठोडी बांधली जात होती आणि काही तासांत त्यांचा निकाल लागत होता. ज्या पेशींत गाठोडं बांधण्यासाठी लागणारं एटीजी-५ हे जनुक नव्हतं, तिथे जिवाणू सुखाने नांदत होते. त्याच वर्षी अमेरिकेत व्होयो देरेतिच यांच्या प्रयोगशाळेने क्षयाच्या जिवाणूबद्दल तसंच दाखवलं: मॅक्रोफेज, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या पेशींना उपाशी ठेवलं किंवा रॅपामायसिन दिलं, की आत लपलेले क्षयाचे जिवाणू कमी जगतात.

पण बोहारणीला कळतं कसं, की हा चोर आहे? इथे या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट येते. तिला ते कळत नाही, आणि कळायची गरजही पडत नाही. तिला फाटलेलं कळतं.

केंब्रिजमधल्या फेलिक्स रँडोव्ह यांच्या गटाने हे साल्मोनेलावर दाखवलं. टायफॉइड आणि अन्नातून होणारी विषबाधा आणणारी ही मंडळी. साल्मोनेला ज्या पिशवीत असतो तिच्या आतल्या बाजूला काही शर्करा असतात. पिशवी धड आहे तोवर त्या पेशीला कधी दिसत नाहीत. साल्मोनेलाने पिशवी फाडली की त्या उघड्या पडतात. गॅलेक्टिन-८ नावाचं एक प्रथिन पेशीत हिंडत असतं, ते या शर्करांना जाऊन चिकटतं आणि बोहारणीच्या मुकादमाला, एनडीपी-५२ या प्रथिनाला, बोलावून घेतं. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे चोराचा चेहरा कुणीच पाहिलेला नाही. पडदा फाटलाय एवढंच पाहिलं. त्याने कसलाही वेष केला तरी आत यायला काहीतरी फाडावं लागणार, आणि फाटलेल्याला ही बाई सोडत नाही.

शिवाय चिठ्ठ्या असतात. युबिक्विटिन हे छोटंसं प्रथिन म्हणजे 'हे द्यायचंय' अशी चिठ्ठी. मोडक्या प्रथिनांना पेशी ती एरवीही लावतेच; घुसखोर जिवाणूलाही लावते. चिठ्ठी एका हाताने आणि गाठोड्याचं कापड दुसऱ्या हाताने धरणारी काही प्रथिनं असतात, एनडीपी-५२ त्यांतलंच. साल्मोनेलाच्या बाहेरच्या आवरणात प्रथिनंच नव्हे तर चरबीचेही रेणू असतात. त्या चरबीवरसुद्धा चिठ्ठी चिकटवली जाते, हे २०२१ साली समजलं. चिकटवायला जागा नाही म्हणून सुटका नाही.

यावर चोरांनी काय केलं, ते बघितलं की त्यांच्याबद्दल नकळत आदर वाटतो. रक्ती आव आणणारा शिगेला आपल्या अंगावरची जिथे बोहारणीचा हात पडतो नेमकी ती जागा आपल्याच एका प्रथिनाने झाकून घेतो. लिस्टेरिया पेशीचीच प्रथिनं अंगाभोवती लपेटतो, म्हणजे घरातल्याच कुणाचा तरी शर्ट घालून बसतो. लेजिओनेला सरळ गाठोड्याचं कापडच निकामी करतो. हा १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांना न्यूमोनिया होऊन उजेडात आला. त्याचं एक विकर गाठोड्याला लागणारं एलसी-३ हे प्रथिन अशा जागी कापतं की ते पुन्हा कधी जोडता येत नाही. आणि क्यू ज्वराचा कॉक्सिएला तर कमालीचा निवांत: तो गाठोड्यात जातो, आम्लाच्या पिशवीत पोचतो आणि तिथेच बिऱ्हाड करतो. त्याला वाढायला आम्लच लागतं. अशा पाहुण्यापुढे कुठल्याही घराने हात टेकावेत.

क्षयाचा जिवाणू या सगळ्यांत मुरलेला. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याची ओळख करून दिली, म्हणजे मेच्निकॉव्ह यांनी काटा टोचला त्याच वर्षी. हा जिवाणू मॅक्रोफेजच्या पिशवीला भोकं पाडतो. भोकं पडली की चिठ्ठ्या लागतात, हे आलंच. त्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांत एक निघालं पार्किन. या प्रथिनाचं जनुक बिघडलं तर ऐन तरुणपणी कंपवात होऊ शकतो, हे १९९८पासून माहीत होतं. त्याचं नेहमीचं काम म्हणजे बिघडलेल्या मायटोकाँड्रियांना चिठ्ठी लावणं. मग हा भट्ट्यांवरचा माणूस क्षयाच्या जिवाणूवर कसा? उत्तर फार जुनं आहे. लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली मांडलं आणि आता सर्वमान्य आहे की मायटोकाँड्रिया हेच मुळात कधीकाळी दुसऱ्या पेशीत शिरलेले जिवाणू. दीडेक अब्ज वर्षांपूर्वी आत आले आणि घरचेच होऊन राहिले. पार्किन दोघांनाही धरतं, ते या जुन्या नात्याला धरूनच असावं, असं २०१३ साली हे काम छापणाऱ्यांनाही वाटलं. कुष्ठरोगाचा जिवाणू क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद. पार्किनच्या जनुकाजवळचे काही बदल असणाऱ्यांना कुष्ठरोगाचा धोका अधिक, हे व्हिएतनाममधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून २००४ सालीच दिसलं होतं.

एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल, मग क्षयावर बोहारीणच सोडा! शास्त्रज्ञांनाही वाटलं. २०१५ साली सेंट लुईसच्या संशोधकांनी उंदरांमध्ये गाठोड्याशी संबंधित जनुकं एकेक करून काढून पाहिली. बहुतेक जनुकं काढली तरी उंदीर क्षयाला पहिल्याइतकेच तोंड देत राहिले. फक्त एटीजी-५ काढल्यावर ते मेले, आणि तेही मॅक्रोफेजमधून नव्हे, न्यूट्रोफिल या वेगळ्याच पांढऱ्या पेशीतून काढल्यावर. पुढे २०२३ साली लंडनमध्ये माणसाच्या मॅक्रोफेजवर प्रयोग झाले, तेव्हा गाठोड्याची इतर जनुकंही क्षयाला आवर घालतात असं आढळलं. उंदीर आणि माणूस यांच्यात थोडा फरक असतो, हे ऐकून बरं वाटलं.

ऊन आणि क्षय यांचं नातंही इथे येऊन मिळतं. कातडीच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करणारे नील्स फिन्सेन यांना १९०३चं नोबेल मिळालं. आपल्याकडे पैसेवाले क्षयरोगी पाचगणीच्या हवेला जात, मिरजेच्या रुग्णालयात महिनोन् महिने खाटेवर पडून राहत. २००९ साली कोरियातल्या संशोधकांनी दाखवलं की ड जीवनसत्त्व मॅक्रोफेजमध्ये एक जिवाणूनाशक प्रथिन वाढवतं आणि त्याच्या मार्फत गाठोड्यांचं काम सुरू करून देतं. छान, मग सगळ्यांना ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या! मंगोलियात आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर त्यांची चाचणी घेतली. २०२०मध्ये निकाल आला: क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत जे चालतं ते वर्गातल्या मुलात चालेलच असं नाही, हे कुठलेही शिक्षक सांगतील. क्षयाला आजही डॉक्टर देतील त्या गोळ्या, देतील तितके महिने, न चुकवता घेणं हाच उपाय आहे.

बोहारणीचं आणखी एक काम आहे, आणि मला ते चोर पकडण्यापेक्षा मोठं वाटतं. गाठोड्यात चिरडलेल्या जिवाणूचे काही तुकडे पेशी पृष्ठभागावर मांडून ठेवते. ते बघून टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी चोराची ओळख पाठ करतात. हे झालं शिकवण्याचं काम. त्याहून मोठं काम घर शांत ठेवण्याचं.

२००७ साली क्रोन या आतड्याच्या आजाराचा आनुवंशिक अभ्यास झाला. या आजारात आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहते. त्यात एटीजी-१६-एल-१ या गाठोड्याच्या जनुकातला एक बारीकसा बदल पुढे आला. हा बदल युरोपीय वंशाच्या कितीतरी लोकांत असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. पण धोका थोडा वाढतो. पुढच्याच वर्षी ओसाकातल्या संशोधकांनी हे जनुक नसलेल्या उंदरांच्या पेशींना जिवाणूच्या आवरणातलं विष दाखवलं. जिवाणू नव्हे, नुसतं विष. त्या पेशींनी इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं द्रव्य धो धो सोडलं.

का? २०११पर्यंत कारणाचा बराचसा उलगडा झाला. बोहारीण आली नाही तर मोडक्या मायटोकाँड्रिया घरात साचतात. त्या गळतात. त्यांच्यातून बाहेर आलेला मसाला बघून पेशीची दाहाची यंत्रणा समजते की चोर शिरलाय, आणि आरडाओरडा सुरू होतो. घरात साठलेल्या पसाऱ्यापायी कशी भांडणं होतात, हे मी कुटुंबवत्सल वाचकांना सांगत बसत नाही. चावी सापडत नाही इथून सुरू होऊन प्रकरण लग्नातल्या मानपानापर्यंत पोचतं, आणि चोर तर आलेलाच नसतो. जंतुसंसर्गातही माणूस पुष्कळदा जिवाणूमुळे जेवढा खचत नाही तेवढा शरीराच्या स्वतःच्या आगडोंबामुळे खचतो. सेंट लुईसचे ते उंदीरही न्यूट्रोफिलांच्या भडकलेल्या दाहापायीच जात होते.

करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनी प्रतिकारशक्ती 'वाढवायचा' चंग बांधला होता. काढे उकळले, हळदीची दुधं प्यालो, बिस्किटापासून गादीपर्यंत सगळ्यावर 'इम्युनिटी' छापून आलं. वाढवण्याची बाटली शंभर ठिकाणी मिळत होती. वेळेवर थांबवण्याची कुठेच नव्हती. प्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलवारी, तोफा, सीमेवरचे जवान उभे राहतात. वर्तमानपत्रातला आरोग्याचा स्तंभ तर युद्धाशिवाय वाक्य करत नाही. आणि आत बघावं तर लढाईच्या मोक्याच्या जागी उभी असते ती एक बाई, जिला शत्रू वगैरे काही ठाऊक नाही, जिला फक्त विरलेलं आणि उसवलेलं ओळखता येतं, आणि जिच्या येण्यामुळे चोरही पकडला जातो आणि घरातलं भांडणही मिटतं.

मानसन्मानाचा क्रम मात्र उलटा लागला. परक्याला गिळणाऱ्या पेशींना नोबेल मिळालं १९०८ साली. स्वतःचं जुनेर आवरण्याला २०१६ साली. मध्ये बरोबर एकशे आठ वर्षं गेली, म्हणजे एक जपमाळ पुरी झाली. निसर्गाने माळ दुसऱ्या टोकाकडून ओढली होती. यीस्टमध्ये पांढऱ्या पेशी नाहीत, प्रतिपिंडं नाहीत, टी-पेशी नाहीत. गाठोडं बांधणारी ती पंधरा जनुकं मात्र आहेत. मॅक्रोफेज कशाला म्हणतात हे सृष्टीला ठाऊक नव्हतं तेव्हाही पेशी आपलं घर आवरत होत्या. आधी आवराआवर आली, लढाई फार मागाहून शिकली गेली, आणि ती शिकताना आवरणाऱ्या हातांनाच कामाला लावलं गेलं. तेव्हा यापुढे घरात कुणी 'आधी हा पसारा आवर, मग जगाशी भांडायला जा' असं म्हणालं, तर निमूटपणे उठावं. दीड अब्ज वर्षांचा अनुभव त्या बाजूने आहे.